दिवसाढवळ्या ओढलेले पडदे

नाव: याकोबा फेनस्ट्रा, प्रचलित नाव कोबा. वय: त्रेसष्ट. उंची: एकशे अडुसष्ट सेंटिमीटर. वर्ण: मूळचा गोरा, वाऱ्यामुळे तांबूस. हुद्दा: प्रसूतिपश्चात गृहसेविका, श्रेणी तीन. वाहन: बॅटरीवरची सायकल, संस्थेच्या मालकीची. विशेष पात्रता: स्तनपान मार्गदर्शन प्रमाणपत्र, चार वेळा नूतनीकृत. सेवा दिलेली घरं: सहाशे एकेचाळीस. शारीरिक मर्यादा: उजवा गुडघा. विषयासंबंधी स्वानुभव: लागू नाही.

संस्थेच्या कागदावर कोबा अशी आहे आणि त्यात खोटं काही नाही. ती दमलेली आहे, एवढं मात्र त्या कागदावर कुठे लिहायची सोय नाही. काल फार काम पडलं म्हणून आज दमलेली, असं नाही. खुर्चीच्या पाठीवर वर्षानुवर्षं एकच कोट टांगलेला असावा आणि खुर्चीलाही त्याची सवय व्हावी, तसा तो थकवा तिच्या अंगावर असतो. 

आमच्याकडे मूल जन्मलं की पुढचे आठ दिवस घरात अशी एक बाई येते. सकाळी आठला सायकल दाराशी लागते, दुपारी दोनला निघते. तेवढ्या वेळात ती बाळ धुते, टाके बघते, कपडे मशिनला लावते, संडास घासते, पाहुण्यांना कॉफी देते आणि ते उठत नसतील तर कपबश्या उचलायला लागते. बाळंतिणीच्या आईने किंवा सासूने यातलं काही करायचं नसतं. त्यांनी आधी ठरलेल्या वेळी घंटा वाजवून यायचं, निळ्या-पांढऱ्या बडीशेपेच्या गोळ्या भुरभुरलेला एक टोस्ट खायचा, बाळ कुणासारखं दिसतं ते सांगायचं आणि अर्ध्या तासाने जायचं. मुलगी असेल तर गोळ्या गुलाबी. बाकी सगळं तेच.

सहाशे एकेचाळिसावं घर आमच्या गल्लीतलं. बंधाऱ्याला लागून जी विटांच्या घरांची ओळ आहे, तिच्यातलं शेवटून दुसरं. बाळंतीण आफ्के, वय एकतीस, पाणीव्यवस्थापनाच्या कचेरीत कालव्यांची पातळी मोजणारी. नवरा विब्रेन, शाळेत भूगोल शिकवणारा. मुलगा माइन्ते, वजन तीन हजार चारशे ऐंशी ग्रॅम. नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी पहाटे, सव्वीस तासांच्या कळांनंतर, हॉस्पिटलात डोक्याला हवा शोषणारा पेला लावून ओढून काढलेला, आणि त्याच संध्याकाळी घरी आणलेला.

बुधवारी कोबा आली तेव्हा आफ्के पलंगावर ताठ बसली होती. 

"एक सांगून ठेवते," ती म्हणाली. "त्याला बाहेर काढलं दुसऱ्यांनीच. मला उचलून ठेवलं, वळवलं, शिवलं, सगळं दुसऱ्यांनी. त्याला अंगावर पाजणं तेवढं माझं. ते मला जमायला पाहिजे."

"बरं," कोबा म्हणाली आणि कोट टांगायला खुंटी शोधू लागली.

आता पलंगाविषयी. बाळंतिणीचा पलंग जमिनीपासून ऐंशी सेंटिमीटर उंच असावा असा कामगार कायद्याचा दंडक आहे. गृहसेविकेच्या कंबरेला त्रास होऊ नये म्हणून. त्यासाठी पलंगाच्या पायांखाली ठोकळे मिळतात. आफ्केच्या घराचा जिना शिडीसारखा आणि तिला टाके सात. म्हणून पलंग खाली, बैठकीच्या खोलीत आणला होता. ती खोली इतकी अरुंद की पलंग एकाच प्रकारे बसतो, आणि तो प्रकार म्हणजे रस्त्याकडच्या खिडकीला चिकटून. खिडकी आमच्याकडे असते तशी: जमिनीपासून हातभर सोडली तर सगळी भिंत काचेची, आणि पडदे दोन्ही बाजूंना शोभेपुरते बांधलेले. सरकारने कोबाच्या कंबरेची काळजी घेतली होती. परिणामी आफ्के रस्त्यावरून बेकरीतल्या केकसारखी दिसत होती.

दिवसा पडदे आमच्या गल्लीत कोणी ओढत नाही. ओढायची कारणं दोनच: घरात प्रेत असणं किंवा घरात लपवण्यासारखं काही असणं. दुसरं कारण अजून कोणी दिलेलं नाही. काच उघडी असते म्हणून कोणी आत टक लावून बघतं असंही नाही. जाता जाता हात करतात. आतल्या माणसानेही हात करायचा. केला नाही तर संध्याकाळपर्यंत कोणीतरी तब्येतीची चौकशी करायला येतं.

पहिले दोन दिवस कोबाने बघितलं. आफ्के भिंतीकडे अर्धी वळून बसायची, खांदा खिडकीला, बाळावर पातळ दुपटं. त्यामुळे पोराची मान एकीकडे आणि पोट दुसरीकडे. तो नुसतं टोक तोंडात धरायचा. आफ्केच्या पायाची बोटं आकसायची.

"दुखतंय?"

"थोडंसं."

"थोडंसं दुखताना माणूस चादर मुठीत धरत नाही. काढ त्याला. करंगळी घाल त्याच्या तोंडाच्या कोपऱ्यात. हां. आता त्याचं पोट तुझ्या पोटाला. नाक स्तनाग्रासमोर. थांब, त्याला आ करू दे. मोठा. जांभई देतो तेवढा."

पोराने आ केला. तेवढ्यात पोस्टमनबाई सायकलवरून गेली, आफ्केने दुपटं वर ओढलं, मोकळा हात हलवला, आणि आ मिटला.

"अशी वाकडी का बसतेस पण तू?"

"सवय."

कोबाला हसू आलं नाही, पण ते यायच्या जवळपास काहीतरी झालं. बाळ झाल्याला दोन दिवस नि म्हणे सवय.

"तुमच्या वेळी किती दिवस लागले, कोबा? नीट जमायला?"

"उशी घे कोपराखाली," कोबा म्हणाली.

विब्रेनने स्वयंपाकघराच्या दारावर एक तक्ता लावला होता. डाव्या बाजूला बाळाच्या वेळा: दर तीन तासांनी. उजव्या बाजूला पाहुण्यांच्या: अकरा ते साडेअकरा, साडेअकरा ते बारा, आणि पुढे तसंच. तक्ता देखणा होता, दोन रंगांत. अडचण एवढीच की माइन्तेला वाचता येत नव्हतं. तो पावणेअकराला हात चोखू लागायचा, ओठ पुढे काढायचा. आफ्के त्याला थोपटायची, कारण अकराला कोणीतरी टोस्ट खायला येणार असायचं. ते माणूस उठेपर्यंत पोर असं पेटलेलं असायचं की त्याला काही तोंडात धरणं अशक्य. मग तो रडून रडून झोपायचा. पुढचा पाहुणा म्हणायचा, किती शहाणं बाळ आहे.

सासूबाईंचं नाव दीनी. घर समोरच, रस्त्याच्या पलीकडे. तरीही त्या तक्त्याप्रमाणेच यायच्या, यात त्यांचा काटेकोरपणा होता आणि थोडा टोमणाही.

"आमच्या वेळी घड्याळ असायचं," त्या म्हणाल्या. "मध्ये रडलं तर रडू द्यायचं. फुप्फुसं मोकळी होतात. विब्रेनकडे बघा."

कोबाने विब्रेनकडे बघितलं. तो किटली हातात धरून उभा होता आणि कुठे ठेवायची ते आठवत होता.

"बघतेय," कोबा म्हणाली.

शुक्रवारी दूध उतरलं. पुस्तकात त्याला आनंदाची घटना म्हणतात. आफ्केच्या छातीचे दोन दगड झाले, कातडी ताणून चकचकीत, आणि त्या दगडावर पोराचं तोंड टिकेना; ओल्या फुग्यावरून घसरावं तसं घसरायचं. स्तनाग्रांना चिरा पडल्या. लंगोट जवळजवळ कोरडे, एकात विटकरी डाग. तराजू: तीन हजार दोनशे दहा. आफ्केने आकडा स्वतःच्या हाताने वहीत लिहिला, खाली रेघ मारली आणि टक्केवारी काढली. पाण्याची पातळी उतरताना बघणं हा तिचा व्यवसायच होता.

शनिवारी सकाळी सुईण एल्स्के आली. तरुण मुलगी, गमबूट घातलेली, बोलायला सरळ. तिने बाळ उघडं करून तराजूवर ठेवलं. तिघीही काट्याकडे बघत राहिल्या.

"तीन हजार एकशे तीस," एल्स्के म्हणाली. "जन्मापासून दहा टक्के उतरलं. ही आमची रेघ आहे, आफ्के."

"माहितीये. काढलंय मी."

"आज प्रत्येक वेळी अंगावर घेऊन बघ. मग हाताने दूध काढ आणि जे निघेल ते छोट्या पेल्याने पाज. उद्या सकाळी मी पुन्हा येते. उतरतच असेल, तर पावडरचं दूध सुरू करू. त्यात पाप काही नाही."

"पाप नाही, ते कळतं मला."

"मग?"

"मग काही नाही. तोही मग दुसऱ्यांनी पाजलेला होईल."

 एल्स्केला अजून तीन घरं होती. तिने आफ्केच्या गुडघ्यावर हात ठेवला, कोबाकडे एकदा बघितलं आणि गेली.

कोबाचा गुडघा सकाळपासून बोलत होता. सात किलोमीटर समोरचा वारा. बॅटरी अर्ध्या वाटेत संपलेली. तिने इकडेतिकडे बघितलं आणि पाहुण्यांच्या खुर्चीत बसली. या घरात चार दिवसांत ती पहिल्यांदाच बसत होती. शहाणपण म्हणून नव्हे, पाय दुखत होता म्हणून.

आणि खुर्चीतून तिला ते दिसलं, जे उभ्याने पलंगावर वाकून काम करणाऱ्याला दिसत नाही. समोर आफ्के, तिच्या मागे अख्खा रस्ता. एक सायकल गेली: आफ्केचा हात वर. कुत्रा घेऊन एक बाई: दुपटं वर, हात वर. दोन मुली: हात वर. दर वेळी पोर सुटत होतं आणि दर वेळी आफ्के त्याला पुन्हा लावत होती, पहिल्यापेक्षा वाकडं. तिच्या तोंडावर सगळ्या वेळ एक छोटंसं हसू होतं, शेजाऱ्यांसाठी ठेवलेलं. डोळ्यांतून पाणी गळत होतं ते वेगळं, आतल्या, खोलीकडच्या बाजूला.

 चार दिवस आपण उशा हलवत होतो, असं कोबाच्या मनात आलं असावं. मग म्हणाली, "विब्रेन, ते पडदे ओढले जातात का?"

"कुठले?"

"खिडकीचे."

"रात्री ओढतो की."

"आत्ता म्हणते मी."

विब्रेनने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. दहा चाळीस. "आत्ता? सकाळी?"

"लोक काय म्हणतील," आफ्के म्हणाली. तिने ते प्रश्नासारखंही म्हटलं नाही.

"जे म्हणायचं ते बाहेर म्हणतील. मेलंय का घरात कोणी?"

"नाही."

"मग झालं तर. मी ओढते. तुम्ही म्हणा, बाईने ओढले. चार दिवसांनी मी जाणार आहे."

तिने पडद्याची दोरी सोडली. कड्या गंजलेल्या नव्हत्या, तरी दिवसाउजेडी त्या अनिच्छेनेच सरकल्यासारख्या वाटल्या. खोलीत तपकिरी अंधार झाला. विब्रेन उगाचच हळू आवाजात बोलू लागला.

"शर्ट काढ," कोबा म्हणाली.

"सगळा?"

"सगळा. आणि आडवी रेल. तशी नाही, पोहायला गेल्यावर काठावर पडतात तशी. हात सोड. खांदे सोड. इथे बघायला मी आहे फक्त, आणि मी सहाशे चाळीस बघितल्यात."

तिने माइन्तेचे कपडे काढले, लंगोट ठेवला आणि त्याला आफ्केच्या छातीवर पालथा घातला, वरून चादर. मग बोटांच्या टोकांनी स्तनाग्राभोवतीचा भाग हळूहळू आत दाबत राहिली, दगड मऊ होईपर्यंत. दुधाचे दोन थेंब आले, मग आणखी. पोराने डोकं उचललं, टाकलं, पुन्हा उचललं. म्हाताऱ्या माणसाने चष्मा शोधावा तसं ते डोकं छातीवर चाचपडत होतं.

"लावू का त्याला?"

"काही करू नकोस. त्याचं त्याला शोधू दे. तू पाठ टेक."

दाराची घंटा वाजली.

दारात शेजारचे हार्म आजोबा होते, वय एक्याऐंशी. अंगात काळा कोट, हातात टोपी.

"कोण?" त्यांनी विचारलं.

"कोण म्हणजे?" विब्रेन म्हणाला.

"गेलं कोण?"

"कोणी नाही, आजोबा. बाळाला पाजायचंय म्हणून पडदे ओढलेत."

हार्म आजोबांनी यावर विचार केला. "माझ्या बायकोने सूप लावलंय गॅसवर," ते म्हणाले. "आता ते होणारच."

ते वळताहेत तोवर दीनीबाई रस्ता ओलांडून आल्या. एका पायात चप्पल, एका पायात बागेतला लाकडी बूट. तक्त्यात त्यांची वेळ साडेअकराची होती. चेहरा चुन्यासारखा.

"बाळ?" त्या एवढंच म्हणाल्या.

"आई, तो दूध पितोय."

"मग पडदे?"

"त्यासाठीच."

दीनीबाईंनी दाराची चौकट धरली. रंग परत यायला जरा वेळ लागला, आणि त्याच्या बरोबर रागही आला. "दिवसाढवळ्या! मी चहा टाकून धावत आले. मला वाटलं... गल्लीला मी काय सांगू?"

कोबा आतून आली, दार मागे ओढून घेतलं. "सांगा, घरात सगळे जिवंत आहेत. आणि बोलावल्याशिवाय येऊ नका म्हणावं."

"मीसुद्धा?"

"तुम्ही स्वयंपाकघरात बसा. आवाज न करता."

दीनीबाई बसल्या. आतून एक आवाज येत होता. बारीक, थांबून थांबून. घुटका, श्वास, घुटका. त्यांनी कान दिला.

"काय आहे ते?"

"गिळतोय."

दीनीबाई काही वेळ दोन वेगवेगळ्या पायांकडे बघत राहिल्या. मग उठल्या, दारावरच्या तक्त्याची उजवी, पाहुण्यांची बाजू फाडली आणि घडी करून खिशात घातली. "मी बघते गल्लीचं," त्या म्हणाल्या आणि तशाच, एका बुटात, बाहेर गेल्या.

गल्लीचं त्यांनी बघितलं. पण आमच्याकडे ओढलेल्या पडद्यावर लोकांचा शब्दापेक्षा जास्त विश्वास असतो. दुपारपर्यंत दारात दोन भांडी सूप, एक पांढऱ्या फुलांचा गुच्छ आणि 'तुमच्या दुःखात सहभागी' असं छापलेलं एक कार्ड जमा झालं. सूप वाटाण्याचं होतं, सॉसेज घातलेलं. आफ्केने ते तीन वाट्या खाल्लं. भेटीला कोणी आलं नाही. दुखवट्याच्या घरी कोणी न बोलावता जात नाही.

सगळं एका सकाळीत सुधारलं असं कोणी सांगेल तर त्याने कधी पाजलेलं नाही. डावीकडे माइन्ते लुचायचा, उजवीकडे पाठ फिरवायचा. चिरा तशाच होत्या. दर वेळी पहिले दहा घुटके आफ्के दात आवळून मोजायची. नंतर मोजायची गरज पडायची नाही. जेवढं तो प्यायचा नाही तेवढं कोबा तिला हाताने काढायला लावायची आणि ते औषधाच्या पेल्यात घेऊन दोघी तो पेला त्याच्या खालच्या ओठाला टेकवायच्या. दोन वाजता कोबा गेली तेव्हा आफ्के उघड्या अंगाने, तोंड उघडं टाकून झोपली होती, आणि पोर तिच्यावर.

रविवारी एल्स्के आली. अंधारात चाचपडत तिने दिवा लावला. "बाहेर एका आजोबांनी माझं सांत्वन केलं," ती म्हणाली. मग तराजू.

"तीन हजार एकशे चाळीस."

"दहा ग्रॅम," आफ्के म्हणाली.

"दहा ग्रॅम म्हणजे एक शिंक. पण उतरलं नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे पावडर नको. चालू ठेवा."

आफ्केने आकडा वहीत लिहिला. खाली रेघ मारली नाही. ती रडली, या वेळी दोन्ही बाजूंनी, आणि कोबा लंगोट मोजायला गेली. रात्रीपासून चार ओले. तिने ते फॉर्मवर लिहिलं आणि स्वयंपाकघरातल्या स्टुलावर पाच मिनिटं डोळे मिटून बसली.

सोमवारी उजवी बाजू त्याने पहिल्यांदा घेतली, आफ्केने त्याला काखेखालून धरल्यावर. मंगळवारी दीनीबाईंनी विचारलं, अर्धा पडदा उघडला तर चालेल का, कारण पाद्रीबुवा चौकशी करताहेत. अर्धा उघडला. आफ्के तशीच रेलून राहिली. पोस्टमनबाईने हात केला. आफ्केने केला नाही. दोन्ही हात गुंतले होते. संध्याकाळपर्यंत कोणी तब्येत विचारायला आलं नाही.

बुधवार, आठवा दिवस. तीन हजार दोनशे नव्वद. कोबाने चादरी बदलल्या, पलंगाखालचे ठोकळे विब्रेनला काढायला लावले. तिच्या कंबरेची काळजी आता कायद्याला नव्हती. मग टेबलाशी बसून फॉर्म भरला. सेवेचे तास: अठ्ठेचाळीस. शिल्लक: शून्य. समस्या: स्तनपान, आरंभीच्या अडचणी. उपाययोजना: मार्गदर्शन, स्थितीबदल, खोलीतील प्रकाशाचे नियोजन. उद्दिष्ट: साध्य. मार्गदर्शक: प्रमाणपत्रधारक, श्रेणी तीन.

आफ्के खालच्या पलंगावर बसली होती, पाय जमिनीला टेकवून. माइन्ते पीत होता. तिने त्याच्याकडे बघितलंही नाही. तिला कोबाचं कोट घालणं बघायचं होतं.

"मी विचारलं होतं तुम्हाला," ती म्हणाली. "तुमच्या वेळी किती दिवस लागले. तुम्ही सांगितलंच नाहीत."

कोबाने कोटाची बटणं लावली. वरचं, मग खालची.

"उशी आता लागायची नाही तुला," ती म्हणाली.

बाहेर वारा होता, पुन्हा समोरचाच. तिने बॅटरी तपासली, गुडघा वाकवून बघितला आणि सायकलवर बसली. खिडकीवरून जाताना तिने हात केला नाही.

कोबाला तीन मुलं. तिन्ही बाटलीच्या दुधावर वाढली.